जेवलेल्यांची यादी

परभणीच्या मोंढ्यात, कापसाच्या एका आडतीच्या वरच्या मजल्यावर आम्हा दोघांत मिळून एक खोली होती. खिडकीजवळचं टेबल माझं, दाराजवळचं सटवाजी खिल्लाऱ्यांचं. दोघंही इन्कमटॅक्सची कामं करायचो. माझ्याकडे जिवंत माणसं यायची. आडते, जिनिंगवाले, कापडवाले. कर कसा चुकेल एवढंच त्यांना विचारायचं असायचं. खिल्लाऱ्यांकडे मेलेली यायची, म्हणजे त्यांच्या बायका, मुलं, पुतणे यायचे. मयताच्या मागे राहिलेली मिळकत, मृत्युपत्रानं झालेले ट्रस्ट, असल्यांची रिटर्नं भरण्यात त्या माणसाचा जन्म चालला होता. मोंढ्यात त्यांना 'मयतांचा वकील' म्हणायचे. हे नाव मीच पाडलं होतं, आणि त्यांना ते मनातून आवडायचं असा माझा संशय आहे.

वकील ते नव्हतेच. निजामाच्या राज्यात महसुलात कारकून होते, शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. पुढे नोकरी सोडून या धंद्यात आले. बेरीज करताना ओठांतल्या ओठांत उर्दू आकडे चालायचे. ऐन वैशाखात खाली सरकी तापून सगळी खोली उबायची, तरी यांच्या लांब कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चहा बशीत ओतायचे आणि बोलण्याच्या नादात तो गार करून प्यायचे.

आणि त्यांची ती रसीद! पावतीला ते कधी पावती म्हणाले नाहीत. "रसीद कुठंय?" हा प्रश्न आल्यागेल्या प्रत्येकाला. एकदा खालचा हॉटेलवाला चहाची रसीद देईना, तर यांनी स्वतःच कागद फाडून लिहिली आणि सहीसाठी त्याच्यापुढे धरली. तो बिचारा सही करता करता विचारतोय, "साब, चाय में कुछ गिरा था क्या?" माझी छत्री पावसात घेऊन गेले, तर टेबलावर चिठ्ठी ठेवून गेले : छत्री काळी, नग एक, एक काडी मोडकी. मी चिडून म्हणालो, "अहो खिल्लारे, मी काय तुमच्यावर फिर्याद करणार आहे का?"

"तुमी न्हाई करणार, देशमुख. पण तुमी उद्या गेलात तर तुमचा पोरगा इचारील. माणूस बोलून जातोय अन् मग मरून जातोय. मागं कुनाला इचारायचं?"

दुसऱ्याच्या मरणाबद्दल इतक्या शांतपणे बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पण मेलेल्याचा मान राखावा तर त्यांनीच. एकदा दोन भाऊ आले होते. बाप जाऊन वर्ष उलटलेलं, जिनिंगची वाटणी अडलेली, आणि आमच्या खोलीतच त्यांची जुंपली. धाकट्यानं खुर्ची उचलली. मी टेबलाखाली जायच्या बेतात होतो. खिल्लारे जागचे हलले नाहीत. समोरच्या रिटर्नवर बोट ठेवून म्हणाले, "ह्याच्यावर नाव कुणाचं हाय? वाटणी होईस्तोवर सरकारच्या लेखी तुमचा बाप जिता हाय. बापासमोर भांडू नका." धाकट्यानं खुर्ची खाली ठेवली. नुसती ठेवली नाही, पुसून ठेवली. कायद्याचं असं वापरणं मला कधी सुचलं नसतं.

त्यांच्या सगळ्या मयतांत त्यांच्या जिवाचा एकच होता, पूर्ण्याचे लिंबाजी जोंधळे. रेल्वेच्या शेडमध्ये कोळसा भरायचा आणि राख उपसायचा ठेका घेता घेता हा माणूस वर आला. स्टेशनाजवळ त्यानं दुकानांची एक ओळ बांधली. मूलबाळ नव्हतं. खिल्लाऱ्यांसारखेच तेही छप्पन साली बौद्ध झालेले. जाताना मृत्युपत्र करून दुकानं ट्रस्टला दिली. त्या भाड्यावर खेड्यातल्या मुलींसाठी वसतिगृह चालवायचं, आणि जो कोणी भुकेला दारात येईल त्याला जेवू घालायचं. मृत्युपत्र खिल्लाऱ्यांनीच लिहिलेलं. त्यात एक कलम असं होतं की जेवायला बसलेल्या माणसाला नाव विचारू नये.

हे कलम कुठून आलं ते खिल्लाऱ्यांनी मला सांगितलं होतं. लिंबाजी लहान असताना कुठल्याशा गावी लग्नाच्या पंगतीत जाऊन बसले. पोरच ते, वास आला, बसलं. पत्रावळ मांडली, वाढून झालं, आणि वाढणाऱ्यानं सहज विचारलं, "कुनाचा रं तू?" यांनी नाव सांगितलं. दंडाला धरून उठवलं त्यांना. हातातला घास हातातच राहिला. "म्हातारपणी सांगायलेत तरी उजवी मूठ अशी मिटायची त्यांची," असं सांगताना खिल्लाऱ्यांनी स्वतःची मूठ मिटली होती.

ट्रस्टचं रिटर्न भरायचं म्हणजे एकच गोष्ट सिद्ध करायची असते. आलेलं उत्पन्न धर्मादायाला लागलं, असं दाखवलं तर कर माफ. नाही दाखवता आलं, तर ट्रस्ट आणि माझा आडत्या यांत सरकारला फरक दिसत नाही. वसतिगृहाच्या पावत्या खिल्लाऱ्यांनी पेन्सिलीपर्यंत सांभाळल्या होत्या. वर्षामागून वर्षं रिटर्न जात होती, मुली शिकत होत्या. तिथं स्वयंपाकाला धुरपताबाई होत्या. त्यांची लेक कांता तेव्हा सहावीत होती. तिच्याबद्दल खिल्लारे असं बोलायचे की ती लिंबाजींचीच नात वाटावी. "मॅट्रिक होऊ द्या, तिला नर्सिंगला धाडतो," हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्या न पाहिलेल्या मुलीची परीक्षा जवळ आल्यासारखी वाटायची.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला.

पूर्ण्याच्या आसपास खडी फोडायची कामं निघाली होती. काल ज्यांच्या खळ्यावर बलुतेदार उभे राहायचे, ती माणसं घमेली घेऊन रांगेत उभी होती. ट्रस्टनं ठरवलं, दुपारी कामावरच्या सगळ्यांना जेवण द्यायचं. दुकानांचं भाडं तर त्यात गेलंच, नव्या खोल्या बांधायला ठेवलेली शिल्लकही गेली. भाकरी आणि हुलग्याचं माडगं. धुरपताबाईंच्या हाताखाली मोठ्या मुली भाकरी थापायला बसायच्या. खिल्लारे सुट्टीच्या दिवशी गाडीनं जाऊन वाढायला उभे राहायचे. एकदा मलाही ओढून नेलं. बायका पदर नाकापर्यंत ओढून बसलेल्या, बाप्ये खाली मान घालून जेवणारे. कोण कुठला, कोण कोणाच्या शेजारी बसला आहे, आणि भाकरी कोणाच्या हातची आहे, हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्या दुपारी मला माणसांबद्दल फार चांगलं वाटलं होतं. एवढ्या वर्षांनी तेवढ्याचाच राग येतो.

ट्रस्टचे एक विश्वस्त शाळामास्तर होते. त्यांनी शाईचं पॅड आणि वही आणून दारात ठेवली. म्हणाले, रोज जेवणाऱ्यांची नावं लिहून अंगठे घेऊ, पुढे हिशेबाला लागतील. मी खिल्लाऱ्यांकडे पाहिलं. रसीदवाला माणूस, आता खूश होणार. खिल्लाऱ्यांनी पॅडचं झाकण लावलं.

"मालकानं काय लिहून ठेवलंय? नाव इचारायचं न्हाई."

"अहो पण इन्कमटॅक्स?" मास्तर म्हणाले.

"ते मी बघतो."

आयुष्यात एकदाच या माणसानं रसीद नको म्हटलं.

आयकराच्या कचेरीला आम्हाला गाडीनं परजिल्ह्यात जावं लागायचं. त्या वर्षाचं रिटर्न तपासणीला निघालं, तेव्हा सोबत म्हणून मीही गेलो. साहेब तरुण होता, बाहेरचा होता, आणि खरं सांगायचं तर सज्जन होता. त्याला दोष देऊन मोकळं व्हायची सोय नाही. त्यानं धान्याच्या पावत्या पाहिल्या, सगळ्या बरोबर होत्या. मग त्यानं विचारलं, "एवढं धान्य विकत घेतलंत हे दिसतंय. पण त्या वर्षी धान्याला सोन्याचा भाव होता. ते जेवायलाच घातलं, विकलं नाही, हे कशावरून? जेवलं कोण?"

खिल्लाऱ्यांनी मृत्युपत्राचं कलम वाचून दाखवलं.  साहेब म्हणाला, त्यामागची भावना समजते, पण फायलीत भावना लावता येत नाही. थोड्या माणसांचे जबाब आणा, आम्ही तिथं जेवलो एवढंच म्हणणारे. मी खर्च मान्य करतो.

खिल्लारे आनंदानं बाहेर आले. गाडीत मला म्हणाले, "एवढंच ना! तिथं अख्खी पंचक्रोशी जेवलीय." माझ्या टाइपरायटरवर त्यांनी स्टेन्सिल कापून घेतलं आणि कोरे जबाब काढून आणले. नाव, वय, धंदा, जात, राहणार, आणि खाली एक ओळ : मी पोटभर जेवलो.

पहिले जबाब झटपट झाले. बौद्धवाड्यातली माणसं पॅड पाहताच अंगठा पुढे करत होती. "जेवलाव की. न्हाई कामून म्हणावं?" तेवढे घेऊन खिल्लारे तारखेला गेले. साहेबानं कागद चाळले आणि खाली ठेवले. हे सगळे ट्रस्टच्याच समाजाचे आहेत, ते तुमच्या बाजूनं बोलणारच. शिवाय एकाच समाजापुरतं काम असेल तर सवलतीचाच प्रश्न येईल. तुम्ही म्हणता सगळे जेवले, मग बाकीच्यांचे जबाब कुठं आहेत? सज्जन माणसानं सज्जनपणे विचारलं. खरं जेवलेल्या माणसांची साक्ष, ती बौद्ध आहेत म्हणून अर्धी धरली, आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

मग खिल्लाऱ्यांची पायपीट सुरू झाली. ताडकळसच्या पलीकडच्या एका गावाला मी बरोबर होतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. खिल्लारे सरळ एका बऱ्यापैकी शेतकऱ्याच्या ओसरीशी गेले. हा माणूस बायको आणि आईला घेऊन रोज पंगतीला असायचा. मी स्वतः त्याला माडगं वाढलेलं होतं. खिल्लाऱ्यांनी हसून कागद पुढे केला.

त्यानं कागदाकडे पाहिलं, मग आळीत कोणी आहे का ते पाहिलं. "आमी? न्हाई बा. आमी कशाला जाऊ तिथं? तुमची काईतरी चूक व्हायलीय."

"पाटील, मी स्वतः वाढलंय तुमाला."

"दुसरं कुनी असंल."

खिल्लारे त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. तो खाली बघत होता, पंगतीत बघायचा तसाच. आम्ही वळलो. गोठ्यापाशी त्याची म्हातारी आडोशाला उभी होती. ती हळूच म्हणाली, "जेवलाव बाबा. तुमच्या लेकीबाळीच्या हातचं खाऊन जगलाव. पर लिवू नगंस. नातीला उजवायचं हाय. कागूद सोयऱ्याच्या हाती लागला तर पोरगी घरात ऱ्हाईल."

"आजी, वसतिगृहात बी पोरीच हायत," खिल्लारे म्हणाले.

म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. तिचं खोटं नव्हतं, आणि म्हणून माझा जास्तच संताप झाला.

गावोगावी हेच झालं. कोणी दार लावून घेतलं, कोणी चहा पाजून नाही म्हटलं, एकानं तर खिल्लाऱ्यांनाच दरडावलं की आमच्या जातीला बट्टा लावायला निघालात काय. कामावर गेलो होतो, असं सगळे म्हणत होते. जेवलो, असं एकही म्हणेना. कोरे कागद कोरेच परत यायचे. खिल्लारे ते टेबलावर ठेवून त्यांच्या कडा एकसारख्या करत बसायचे.

शेवटी मी म्हणालो, "खिल्लारे, खाली आडतीत हमाल आहेत. पॅड माझं आहे. दुपारपर्यंत हवे तेवढे अंगठे मिळतील. साहेब काय गावोगाव जाऊन बोटं तपासणार आहे?"

"खोटे अंगठे?"

"जेवण खरं होतं ना? मग झालं तर."

"खोटा अंगठा मारला की खरं जेवलेला माणूस बी खोटा होतोय, देशमुख. मग त्यो पाटील म्हणतोय तेच खरं ठरलं, तिथं कुनी जेवलंच न्हाई."

 पण मी आजही म्हणतो, अंगठे मारायला हवे होते. एका ओळीच्या खोट्यानं ते वसतिगृह वाचलं असतं. खिल्लाऱ्यांच्या खरेपणाचं मला कौतुक नाही, त्याची किंमत त्यांना नाही, दुसऱ्यांना मोजावी लागली. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "खरंय तुमचं," आणि अंगठे काही मारले नाहीत.

निकाल जायचा तसा गेला. अपील केलं, तेही गेलं. कर, त्यावर व्याज, त्यावर दंड. दुकानांची ओळ लिलावात गेली आणि वसतिगृहाला कुलूप लागलं. पूर्ण्याच्या स्टेशनावर मुली ट्रंका घेऊन उभ्या होत्या. कांताची ट्रंक खिल्लाऱ्यांनी उचलली होती. दहावीचं वर्ष तिचं. तिनं विचारलं, "काका, पुढल्या साली उघडंल का?" खिल्लाऱ्यांनी ट्रंक डब्यात सरकवली आणि तिचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं.  धुरपताबाई लेकीला घेऊन भावाकडे गेल्या. कांताचं लग्न झाल्याचं वर्षाच्या आतच कळलं. नर्सिंगचं नाव त्यानंतर आमच्या खोलीत निघालं नाही.

खिल्लारे टेबलाशी येऊन बसायचे, पण मयतांची रिटर्नं त्यांनी घेणं सोडलं. एखादी विधवा जिना चढून आली तर तिला माझ्याकडे पाठवायचे. पुढं पुढं चहाचे पैसे देऊन तसेच निघून जायचे. हॉटेलवाला मला विचारायचा, "साब रसीद नहीं मांगते आजकल, नाराज हैं क्या?"  एक दिवस त्यांचं टेबल रिकामं झालं. जाताना माझ्या टाइपरायटरवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि जिना उतरले.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. वालूरला आमच्या पुतणीचं लग्न होतं. पत्रिका मी सवयीनं पाठवली होती. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. तोच कोट, आता अंगावर लोंबणारा. मी त्यांना पंगतीत माझ्या शेजारी बसवलं. ते शांतपणे जेवले, वाढप्याला नको म्हणाले नाहीत, पत्रावळीवर शीत ठेवलं नाही. इतक्या दिवसांनी त्यांना असं जेवताना पाहून मला बरं वाटलं.

हात धुऊन आले आणि मांडवाच्या खांबाशी उभं राहून त्यांनी कोटाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. तो मी लांबूनच ओळखला. माझ्याच टाइपरायटरचा. खांबावर टेकवून त्यांनी त्यात काहीतरी भरलं.

आमचे दादा, म्हणजे नवरीचे वडील, दाराशी उभे राहून पाहुण्यांना सुपारी देत होते. "झालं ना पोटभर?" असं प्रत्येकाला विचारत होते.

"झालं. ही घ्या रसीद," खिल्लारे म्हणाले.

दादांना गंमत वाटली. मोठ्यानं वाचायला लागले, "मी पोटभर जेवलो! वा, वा, अशी पावती कुणी दिली नव्हती बुवा." मग त्यांनी वरच्या ओळी वाचल्या. नाव, वय, धंदा. पुढं त्यांचा आवाज आला नाही. त्यांनी कागदावरून माझ्याकडे पाहिलं, आम्ही बसलो होतो त्या जागेकडे पाहिलं. कागदाची घडी घातली, ती स्वतःच्या खिशात न ठेवता माझ्या हातात दिली, आणि आत वळून गड्याला हाक मारली, "अरे, दुसरी पंगत बसवू नका आत्ताच. त्या तेवढ्या जागेवर आधी पाणी मारून घे."

खिल्लारे तेव्हा अजून दारातच होते, चपला शोधत.